होतकरू डावखुरा

सोमवार
नोकरी लागली, घर मिळालं आणि आईला खिडकीपाशी ऊनही मिळालं! ऑफिस छोटं, पण माणसं गमतीची आहेत. आम्ही बेसबॉलचा संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम बनवतो. माझ्याकडे होतकरू पोरं: गेममधल्या नवख्या खेळाडूंपैकी कुणाला किती सराव, कुणाला विश्रांती, कोण कधी मोठ्या संघात जाणार, ते सगळं मी बसवायचं. चित्रकार बाई म्हणाल्या, लग्नाआधीच एवढी पोरं पदरात!

सल्लागार म्हणून कोच येतात. उभं आयुष्य मैदानावर गेलेलं. त्यांनी मला चहा पाजला. ओळखलं मात्र नाही. ओळखतील कसे? दादाच्या मयताला फिरकलेही नव्हते. त्यांच्यासाठीच तर ही नोकरी धरली.

बुधवार
आज दादाला गेममध्ये आणलं. डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, वय सतरा. फोटोवरून चेहरा बसवला, जिवणीचा तिरपेपणा अगदी तस्सा. खांदा दुखतोय म्हणून तो सांगत होता, तरी कोचनी त्याला सामन्यामागून सामने दामटलं. खांदा फाटला, ऑपरेशननंतर अंगात विष भिनलं आणि गेला. आता रोज त्याचं तोंड बघा म्हणावं. घास उतरणार नाही घशाखाली.

शुक्रवार
कोच गेम तपासायला बसले. दादाला बघून थबकले, मग हसले. म्हणाले, असली पोरं नाटकी असतात, दामटायची. पडद्यावर दादाचा निरोप आला: खांदा दुखतोय, टाकू का?

हा निरोप मी लिहिलेला नाही.

कोचनी 'टाक' दाबलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात कोच स्वतःचाच खांदा धरून किंचाळले.

सोमवार
कोच हात गळ्यात बांधून आले. हट्टी माणूस. एका पोरापुढे हरू का, म्हणाले आणि पुन्हा 'टाक'. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. चित्रकार बाईंना रडू आवरेना. मी नळ सोडून बेसिनपाशी हसले. पोटभर.

गुरुवार
कोच गेले. ऑपरेशननंतर विष भिनलं. फिटलं सगळं. दादाला कायमची विश्रांती दिली, संघातून उतरवलं. घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. ती पांढरीफटक पडली.

शुक्रवार
दादा परत मैदानात. मी परत घेतलेला नाही. खांदा दुखतोय, टाकू का? 'नको' दाबलं. तरी टाकतोच आहे.

घरी आई डावा खांदा चोळत बसलेली.

शनिवार
आईनं आज तोंड उघडलं. शेवटच्या सामन्याच्या सकाळी तो तिच्याकडेही आला होता. दुखतंय म्हणाला होता. ती म्हणाली होती, नखरे पुरे, जा.

मला माहीत नव्हतं. त्याला—

रविवार
कॉम्प्युटर घरी आणलाय. दादाला गेममधून पुसून टाकते, पुन्हा येतो. आईचा हात वर होत नाही. अंग तापलंय—

लिहिलं: दादा, तिला सोड. आई आहे रे ती.

टाकतोय. टाकतोय.

संध्याकाळ
आई भिंत धरत माझ्यामागे आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "लिही त्याला. दुखत असेल तर राहू दे, बाळा. घरी ये."

लिहिलं.

थांबला! चेंडू ठेवला, टोपी काढली. चालत कडेला गेला—

आईचा हात उचलतोय. रडतेय, हसतेय.

मैदान रिकामं. हा गेला कुठे—

बाहेरच्या भिंतीवर चेंडू. धप्प. शाळेतून आला की असाच टाकत राहायचा, आई दार उघडेपर्यंत. धप्प—

आई उठली. आले रे, उघडते, म्हणतेय. माझं ऐकत नाही—

खिडकीतून दिसला. हसत नाहीये. आई, कडी काढू नको, त्याच्या डाव्या हातात चेंडू आहे, नेम दारावर ध