बोडक्या डोंगरावरची फिकी वाइन

बोडका डोंगर, हॉलिस्टरच्या वर
९ एप्रिल १९७५

ती. निकोदादास,
नेवाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. लिहायला टेबलच नव्हतं. परवा शेजारच्या गुरंवाल्यांनी त्यांचं मोडकं टेबल आणून दिलं, त्यावर हे पहिलं पत्र तुला.

कलमं लावून झाली. सगळी पिनो न्वारची, म्हणजे फिकी लाल वाइन देणाऱ्या द्राक्षाची. इथे विहीर नाही, वीज नाही, सावलीला झाड नाही. मी राहते तो ट्रेलर वाऱ्यात होडीसारखा डुलतो. पण वरची माती जरा खरवडली की खाली पांढरीफेक चुनखडी लागते दादा! फ्रान्सला बर्गंडीत दोन वर्षं लोकांची वाइनची पिंपं धुतली, तेव्हा अशाच जमिनीवरून रोज चालत जायचे. कॅलिफोर्नियात अशी जागा शोधायला मला किती भटकावं लागलं ते तुला ठाऊकच आहे. इथले बाकीचे द्राक्षवाले खाली सपाट, काळ्या जमिनीत लावतात आणि मला वेडी म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानदाराने तर विचारलं, की बाई, वर द्राक्षं लावताय की स्वतःचं थडगं बांधताय? मी म्हटलं, आधी खिळे द्या, मग ठरवते.

बाबांचं काय? आईने जाताना माझ्या नावावर ठेवलेली सफरचंदाची बाग मी या डोंगरासाठी विकली, हे त्यांनी एक वेळ सोसलं असतं. पण घेणाऱ्याने स्ट्रॉबेरी लावायला ती झाडं मुळापासून उपटली आणि बाबांनी ते कुंपणापाशी उभं राहून पाहिलं. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. त्यांना माझा नमस्कार सांग. ऐकून घेतला नाही तरी सांग.

लॉरेन वहिनीला आठवण. तुझी माया हीच इथली माझी सावली, ती हलू देऊ नकोस.

तुझी
नेवा


वॉटसनव्हिल
२ मे १९७५

चि. नेवा हिस,
निकोचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लॉरेनने जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं, बाबांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम. त्यांनी मान वर केली नाही, पण सूप मात्र थंड होऊ दिलं. नमस्कार सांगितला तर मला म्हणाले, की मीठ दे.

तुझ्या वाइनबद्दल मात्र त्यांनी मत दिलं, तेही माझ्याशी, तुझं नाव न घेता. फिकी, हलकी वाइन आजाऱ्याला देतात म्हणे. समुद्रापलीकडे त्यांच्या दाल्मेशियातल्या गावची वाइन प्यायली की दात काळे व्हायचे, आणि माणूस दुसऱ्या दिवशीही आदल्या दिवसाबद्दल बोलायचा. मी म्हटलं, बाबा, पोरगी अजून पाणी वाहतेय, वाइन कुठली! तर उठून गेले.

मला स्वतःला यातलं काही कळत नाही हे तू जाणतेसच. सफरचंद लाल की हिरवं एवढी माझी अक्कल. पण डोंगरावर एकटी राहणं मला पसंत नाही. कुत्रा तरी पाळ. मोठा पाळ. लॉरेनने सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या दिल्यात. त्या शेजाऱ्यांना वाटून पुण्य मिळवू नकोस, स्वतः खा, असा तिचा हुकूम आहे.

भांडखोर असलीस तरी आमचीच आहेस, हे विसरू नये.

तुझा
निकोदादा


बोडका डोंगर
१४ ऑगस्ट १९७७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसवणारं काही लिहावं म्हणून दोनदा कागद घेतला आणि दोनदा ठेवून दिला. आता खरं तेच लिहिते.

पावसाचे दोन हिवाळे कोरडे गेले. खालच्या ओढ्यात नुसते गोटे उरलेत. मी माझ्या जुन्या गाडीवर पाणी चढवत होते, तर चढावर गाडीचा आस मोडला. पश्चिमेच्या उतारावरच्या वेली गेल्या. पानं कडेने जळाली, मग देठ वाळले, आणि आता हाताने उपटलं तर काठीसारख्या निघतात. पूर्वेच्या अजून धरून आहेत. रोज सकाळी मी त्यांची पानं हातात घेऊन बघते. गार लागली तर जिवंत.

गुरंवाल्या मिसेस हॅकेट म्हणतात, सोडून दे, तुझं वय काय आणि तू इथे दगडांशी काय बोलत बसलीस. त्या वाईट बोलत नाहीत. काल पहिल्यांदा मलाही वाटलं, की बाबांचंच खरं असेल. आईची हिरवीगार बाग देऊन मी पांढरे दगड विकत घेतले.

काळजी करायला नव्हे, कुणाला तरी सांगावं म्हणून लिहिलं. लोभ ओला राहू दे, इथे तेवढंच ओलं आहे.

नेवा


वॉटसनव्हिल
१८ ऑगस्ट १९७७

चि. नेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

आमच्या विहिरीला अजून पाणी आहे. रविवारी चर्च सुटलं की मोठी टाकी ट्रकवर घालून निघतो. नको म्हणायला फोन करू नकोस. तुझ्याकडे फोन नाही हे एक बरं आहे.

निको


बोडका डोंगर
२० सप्टेंबर १९७७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू समोर होतास तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या रविवारी तुझ्या शेजारी बाबांना बसलेलं पाहिलं आणि माझ्या हातातली नळी सुटली. ते काच वर करून आतच बसले. त्या उन्हात! दुसऱ्या रविवारीही तेच. तू म्हणालास, की त्यांना मी आणलं नाही, ते आपणहून चढून बसतात आणि वाटेत हवामानावर बोलतात. त्यावर मी काय समजायचं?

परवा रविवारी ते उतरले. तू टाकीच्या नळाशी होतास, म्हणून तुला दिसलं नाही. काठी टेकत पूर्वेच्या ओळींपर्यंत गेले. वाकून एक दगड उचलला, बोटाने घासला, आणि चक्क जिभेला लावला. मग माझ्याकडे वळून एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य बोलले ते असं: हा आपल्या गावचा दगड आहे. चुनखडी म्हणजे हा दगड, हे नीट सांगायला तुझं तोंड शिवलं होतं काय?

मी म्हटलं, बाबा, तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात. तर म्हणाले, की मी बोलत नव्हतो, ऐकत होतो! मग त्या दगडावर बसूनच राहिले. त्यांच्या आईच्या वेली अशाच खडकातून निघायच्या म्हणे, आणि लहानपणी त्या खडकाचा त्यांना इतका राग होता, की अमेरिकेत उतरल्यावर त्यांनी सपाट, मऊ जमीनच शोधली. आईच्या बागेबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. पण जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी नीट केली.

पूर्वेच्या वेली जगतील असं वाटतं. पाण्याचे आभार मानत नाही, आणि दुसऱ्या गोष्टीचे मानायचे तर शब्द नाहीत. माया अशीच असू दे.

नेवा


वॉटसनव्हिल
५ सप्टेंबर १९७८

चि. नेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

पहिलं पीक उभं आहे, आणि तू सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या व्यापाऱ्याला नाही म्हणायच्या विचारात आहेस, हे वाचून लॉरेनने मला लगेच लिहायला बसवलं.

मी समजलो ते बरोबर आहे ना? मिस्टर वेदरबी सगळी वाइन घेणार. अट एवढीच, की द्राक्षं अजून पंधरा दिवस वेलीवर ठेवायची, सुरकुतेपर्यंत, म्हणजे वाइन काळी, गोडसर आणि पटकन चढणारी होईल. आणि नव्या ओक लाकडाच्या पिंपात इतकी मुरवायची, की फर्निचरचा वास यावा. लोकांना हल्ली तेच हवं, असं तो म्हणतो. मग देऊन टाक की बाई! पहिल्या वर्षी त्याची, पुढच्या वर्षी तुझी.

बाबा तर वेदरबीला न बघताच त्याच्या प्रेमात पडलेत. देवाने एक शहाणा माणूस पाठवला, असं म्हणतात. काळी वाइन म्हटल्यावर त्यांना स्वतःचे दात आठवले असणार. तू ऐकलं नाहीस तर पुन्हा अबोला होईल, ही भीती मला जास्त आहे. फार मुश्किलीने तुम्ही दोघं एका टेबलावर बसायला लागलात.

थोडं नमतं घे. तुझ्या भल्यासाठी डोकं खाणारा,

निकोदादा


बोडका डोंगर
२४ सप्टेंबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

द्राक्षं तोडून टाकली. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. हॅकेट मंडळी मदतीला होती. वेदरबींना आधी कळवलं, मगच कात्री घेतली.

हट्ट म्हणून नाही रे. मी रोज ओळींतून फिरून द्राक्षं चाखत होते. त्या सकाळी त्यांत चेरी होती, ओल्या दगडाची चव होती आणि जिभेच्या कडेला थोडा आंबटपणा होता. अजून ठेवली असती तर आंबटपणा गेला असता, मग दगड गेला असता, आणि उरला असता नुसता मुरंबा. तो काय, कुठल्याही जमिनीत होतो. मग मी या डोंगरावर कशाला आले? ज्या वेली दुष्काळात मेल्या त्या कशासाठी मेल्या? पहिल्याच वर्षी मी दुसऱ्याची वाइन केली, तर पुढच्या वर्षी माझी कशी असते तेच मला आठवणार नाही.

वेदरबी येऊन रस चाखून गेले. सभ्य माणूस आहे. म्हणाले, बाई, हा छान चहा आहे, पण मी चहा विकत नाही.

बाबांना तूच सांग. रागावले तर रागावू दे, पण जेवू दे. नव्या पिंपांऐवजी बरीचशी जुनीच वापरते आहे. वाइनला अंगरखा हवा, चिलखत नको. थंडीत ये. माझ्यावरचा विश्वास थोडा उरला असेल तर जपून ठेव, पुढे लागेल.

नेवा


वॉटसनव्हिल
२७ डिसेंबर १९८०

चि. नेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

रस्ता वाहून गेल्यामुळे तू नाताळला येऊ शकली नाहीस, याचं सगळ्यांना वाईट वाटलं. पण तू नव्हतीस ते बरं झालं, असंही आता वाटतं. तू समोर असतीस तर हे घडलं नसतं. म्हाताऱ्याने तोंड घट्ट मिटून घेतलं असतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण नेहमीचंच. सुका कॉड मासा, बटाटे, लसूण, वर ऑलिव्हचं तेल. लॉरेनने आईच्या पद्धतीने केलेला. बाबांनी आपला काळ्या झिनफँडेल वाइनचा जग जवळ ओढून घेतला. तू पाठवलेली अठ्ठ्याहत्तरची बाटली मी लॉरेनसाठी उघडली. तुला माहीत आहे, तू वेदरबीला नाही म्हटल्यापासून बाबांनी तुझ्या वाइनला हात लावलेला नव्हता. बाग गेली, गिऱ्हाईकही घालवलं, हे त्यांचं पालुपद.

दोन घास झाले आणि त्यांनी पेला खाली ठेवला. मासा बिघडलाय म्हणाले, लोखंड चावल्यासारखा लागतो. लॉरेनचा चेहरा पडला. ती म्हणाली, माझा तर छान लागतोय. मग बाबांनी तिच्या ताटातला घास घेतला. तोही लोखंड! त्यांनी आपल्या काळ्या वाइनकडे पाहिलं, तिच्या पेल्याकडे पाहिलं, आणि न विचारता तो उचलला. एक घोट. एक घास. पुन्हा घोट. त्यांनी ताट पुसून खाल्लं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि पेला माझ्यापुढे सरकवला. मी भरला. असं तीनदा.

शेवटी म्हणाले, की इतकी वर्षं मी ती काळी वाइन पीत होतो आणि मासा नुसता गिळत होतो. आज तुमच्या आईच्या हातचं जेवलो.

मग डोळे पुसले आणि लसूण जास्त झाला म्हणून लॉरेनला रागावले.

मीही प्यायलो. खरं सांगू? पहिल्या घोटाला वाटलं, यात काही नाही. जेवण संपलं तेव्हा वाटलं, आता बाटलीत काही नाही, हे फार वाईट झालं.

तुझ्या हट्टाला नमस्कार करणारा,

निकोदादा


बोडका डोंगर
११ मे १९८१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र इतक्यांदा वाचलं, की घडीवर फाटलं. धीर इतका आला, की अठ्ठ्याहत्तरच्या बाटल्या घेऊन मॉन्टेरेला गेले, मोठ्या दुकानांत नाही, धक्क्याजवळच्या मासळीच्या खाणावळींत. दोघांनी दारातूनच परतवलं. तिसरी मिसेस अमाराल. तिने बोलू दिलं नाही, आधी तव्यावरचा सोल मासा माझ्यापुढे ठेवला, मग स्वतः एक घोट घेतला, आणि मला म्हणाली, की इतके दिवस कुठे लपली होतीस? आता तिच्याकडे माझीच लाल वाइन असते. तिच्याकडे जेवून गेलेले सॅन फ्रान्सिस्कोचे दोन आचारी परवा डोंगर चढून आले, चांगल्या बुटांचं वाटोळं करून.

श्रीमंत झाले नाही. पण पश्चिमेच्या उतारावर पुन्हा कलमं लावली आहेत. पिकं चांगली होवोत, तुझ्या सफरचंदांवरच्या मधमाश्या सुखी राहोत, आणि तू मला असाच रागवत राहा.

नेवा


वॉटसनव्हिल
३० ऑगस्ट १९८१

नेवा,

निको लिहून देतो म्हणाला, पण त्याचं अक्षर डॉक्टरासारखं आहे. म्हणून मीच लिहितो. मला पत्रं लिहिता येत नाहीत, तेव्हा वर काय लिहितात ते सोडून देतो. आशीर्वाद आहेतच.

तुझी वाइन अजून फिकी आहे. मासळीबरोबर चालते. कोंबडीबरोबरही चालते, हे मी मागच्या रविवारी पाहिलं. बकऱ्याबरोबर पाहायचं आहे. एक पेटी पाठव.

तुझ्या आईला ती बाग आवडायची, आणि तू त्या बागेहून जास्त आवडायचीस. हे मला तेव्हा सुचलं नाही.

निको म्हणतो, तोडणी जवळ आली. माझ्या मते द्राक्षं अजून ठेवायला हवीत. पण मी तसं म्हणणार नाही. कधी तोडायची ते तू कळव, मी बादली घेऊन येतो.

बाबा