साहेबांची बंडी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुझी कंबर, भावोजींचा रक्तदाब आणि तुमच्या घराचं रंगकाम, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी आणि बाबा ठीक आहोत. तुझा पोपटही ठीक आहे, म्हणजे जिवंत आहे. आता खुर्चीत नीट बसून पुढचं वाच.

घर रंगवून होईपर्यंत म्हणून तू साहेबांना आमच्याकडे सोडून गेलीस, त्याच्या चौथ्या दिवशी मी पिंजरा पुसायला उघडला. साहेब थेट दुकानात गेले. तिथल्या मोठ्या आरशात त्यांना समोरून दुसरा पोपट येताना दिसला, आणि बाजूला व्हायचं काम त्याचं आहे असं समजून हे काही थांबले नाहीत (हा गुण तुझ्या सासरचा). डावा पंख लोंबायला लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी तो अंगाशी बांधून दिला, तीन आठवडे हलता कामा नये म्हणाले, आणि साहेबांनी ती पट्टी तासाभरात कुरतडून टाकली.

तुला ठाऊकच आहे, हात थरथरायला लागल्यापासून बाबांनी वर्षभर कात्रीला हात लावला नव्हता. दुकान माझ्या एकट्याच्या गळ्यात, आणि ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. मला ते बघवत नसे. त्या दिवशी मात्र ते उठून आले, गळ्यात टेप अडकवली आणि साहेबांची मापं वहीत रीतसर उतरवली: छाती, पाठ, उंची (कंबर कुठे धरायची यावर दोघांचं पटेना). मग मऊ सुती कापडाची बंडी बेतली. पण पन्नास वर्षांची सवय. गिऱ्हाईक पुढेमागे अंगानं सुटेल म्हणून शिवणीत माया ठेवलीच, वर बंडीही सैल धरली, आणि साहेब तिच्यातून निसटून टेबलावर आपटले. चिडून दुसरी घट्ट केली, तर डॉक्टर ओरडले, पाखराची छाती हलली नाही तर श्वास कोंडतो. तिसरी बरोबर बसली. तेव्हापासून बाबा सकाळी माझ्याआधी दुकानात असतात, साहेबांना पाठीत ओढतंय का विचारतात, आणि जाता जाता माझ्या काजांना नावं ठेवतात.

तेव्हा ताई, येत्या रविवारी साहेबांना न्यायला येऊ नकोस. पंख अजून कच्चा आहे, प्रवास सोसणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. पंख सोमवारीच बरा झाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मी बाबांना सांगितलं नाही. साहेब गेले की ते पुन्हा आतल्या खोलीत जाऊन बसतील, याची मला फार भीती वाटते. फोनवर त्यांना म्हण, रंगकाम लांबलंय. एवढंच कर.

ता. क. २ (वाकडं अक्षर चालवून घे.) पोरी, पत्र टेबलावर उघडं होतं. पंख बरा झालाय हे मला त्याच्याआधीच कळलं. बंडी बदलताना साहेब उडून कपाटावर बसले होते. खाली बोलावून परत घातली. ह्याला एकट्याला दुकान झेपत नाही, पण मदतीला येतो म्हटलं तर कमीपणा वाटेल, म्हणून पाखराचं निमित्त बरं पडतं. त्याला बोलू नकोस, पाकीट मीच टाकून येतो. रंगाचा आणखी एक हात द्यायला सांग.

बाबा