मला नात नाही

सोमवार, ४ तारीख

आले बाई एकदाची. लांबच लांब इमारत, भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, माणसांचे कपडेही पांढरे. माझी जांभळी शाल तेवढी रंगीत. दारातला पहारेकरी तिच्याकडे असा बघत होता, जणू मी आत निखारे घेऊन चालले आहे.

खोली मात्र झकास. खाट, खिडकी, टेबल, दोन खुर्च्या आणि एका भिंतीत भली मोठी काच. त्या काचेत मला मीच दिसते, पण पलीकडून म्हणे एकजण दिवसभर मला बघत असतो. या वयात कुणी टक लावून बघणारा भेटला, तर मी कशाला कुरकुर करू?

इथे म्हाताऱ्यांचा अभ्यास चालतो. म्हातारपणी माणूस काय धरून ठेवतं आणि काय सोडतं, ते यांना हवंय. त्यासाठी माहिती तीन वाटांनी गोळा करतात. पहिली प्रश्नांची, दोन वेगळी माणसं येऊन तेच तेच विचारतात. दुसरी काचेआडून बघण्याची. तिसरी ही रोजनिशी. तिन्ही वाटांनी एकच गोष्ट आली की ती खरी धरायची, असा यांचा कायदा. मला अक्षरओळख नाही, म्हणून मी बोलायचं आणि एका मुलीने समोर बसून यंत्रावर टाइप करायचं.

ती मुलगी म्हणजे माझीच नात. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसेल तर शपथ. तिची आई गेली तेव्हा ती रांगत होती. बापाला नोकरी, म्हणून मीच वाढवली. आता इथे शिकाऊ म्हणून लागलीय. अभ्यासातली एक म्हातारी ऐनवेळी गळाली, हिचं काम अडलं, आणि तिच्या जागी मला आणून बसवलं. पण इथल्या माणसांचे नातेवाईक अभ्यासात चालत नाहीत. तेव्हा मला पढवून ठेवलंय, की नातवंडं किती असं विचारलं तर नाही म्हणून सांगायचं.

हे टाइप करताना ती माझ्यावर डोळे वटारतेय. म्हणते, रोजनिशी वर द्यायच्या आधी हे सगळं खोडणार. खोड बापडी. तोवर असू दे.

मंगळवार, ५ तारीख

प्रश्न झाले. सकाळी इथल्या मुख्य बाई आल्या. ताठ उभ्या, मान इकडची तिकडे नाही. मी मनात त्यांचं नाव मोजपट्टी ठेवून टाकलं. दात कुठे आहेत विचारलं, मी म्हटलं वाटीत आहेत, बोलावू का? हसल्या नाहीत. लिहून घेतलं. मग नातवंडांवर आल्या. मी पढवल्याप्रमाणे सांगितलं, मला नात नाही, नातू नाही, एक मुलगा आहे आणि तोही फोनमध्येच राहतो.

दुपारी दुसरा आला. बोलणं साखरेत घोळलेलं, म्हणून हा गोडबोल्या. प्रश्न तेच. एव्हाना मला चेव आला होता. म्हटलं, अरे, नात असती तर तिने मला अशी परक्यांच्या काचेसमोर बसू दिलं असतं का? वर डोळेही पुसले. त्याने बिचाऱ्याने रुमाल काढून दिला.

संध्याकाळी हे सगळं ऐकून भिंगरी पोट धरधरून हसली. नाटकात जायला हवी होतीस म्हणाली.

बुधवार, ६ तारीख

आज भिंगरीच्या गळ्यातल्या कार्डाने दार उघडेना. बिघडलं असेल म्हणाली आणि कुणाच्या तरी मागोमाग आत शिरली. पहारेकऱ्याला हाक मारली तर त्याने मान वर केली नाही. तिच्या कपाटाला दुसऱ्याच कुणाचं कुलूप. मी म्हटलं, आता तूही माझ्यासारखी म्हातारी हो, मग सगळे येऊन विचारतील. हसली, पण हसू ओठांवरच राहिलं.

संध्याकाळी ती इथे टाइप करत बसली असताना गोडबोल्या आला. माझी गोळी द्यायला. आला तो त्याने आपली पिशवी सरळ तिच्या मांडीवर ठेवली. ती दचकून उठली, पिशवी खाली पडली. मी म्हटलं, अहो, माणूस बसलंय तिथे. त्याने पिशवी उचलली, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हसला. लहान मूल भुताच्या गोष्टी सांगतं तेव्हा हसतात तसा.

ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

गुरुवार, ७ तारीख

मुलाला फोन लावला. त्याला म्हटलं, तुझ्या लेकीला दोन दिवस घरी बोलाव, तिचा चेहरा उतरलाय. फोन बंद पडला की काय म्हणून मी हलवून बघितला. मग तो म्हणाला,

"आई, मला कुठे मुलगी आहे?"

मी चांगली खरडपट्टी काढली. भिंगरीने फोन हिसकावून घेतला. बाबा, बाबा, म्हणून ओरडत राहिली. तिकडून तो विचारत होता, आई, अशी गप्प का झालीस, औषधं वेळेवर देतात ना.

ती ओरडत होती. मला ऐकू येत होतं. त्याला नाही.

शुक्रवार, ८ तारीख

मोजपट्टीसमोर जाऊन सगळं ओकून टाकलं. मी खोटं बोलले. ती माझी नात आहे. तिला कामावरून काढा, मला हाकला, पण ती आहे एवढं लिहा.

बाई म्हणाल्या, दिलेलं उत्तर बदलता येत नाही. वाटेल तेव्हा बदलू दिलं तर ती माहिती कसली, त्या चकाट्या. दोघांनी विचारलं, दोघांना एकच उत्तर मिळालं. काचेआडचा सांगतो, म्हातारी संध्याकाळी रिकाम्या खुर्चीशी बोलते. फक्त रोजनिशी जुळत नाही. जे जुळत नाही ते काढून टाकतात.

मग टाइप कोण करतं, मी विचारलं. म्हणाल्या, यंत्र ऐकतं आणि टाइप करतं. इथे कुणी मुलगी कधी नेमलीच नव्हती. रविवारी येऊन रोजनिशी साफ करू.

साफ करू म्हणाल्या. ओटा पुसतात तसं.

खोलीत येऊन भिंगरीला सांगितलं, खोडू नकोस. पहिल्या दिवशीचं काहीही खोडू नकोस. तिने मान डोलावली. मग हळूच म्हणाली,

"आजी, तू बोलत राहा. तू बोलतेस तेवढाच वेळ मला माझे हात दिसतात."

शनिवार, ९ तारीख

बोलतेय. सकाळपासून बोलतेय. घसा बसलाय तरी—

केस कुरळे. विंचरताना रडायची. गुडघ्यावर खूण आहे, जिन्यावरून पडली होती. दूध प्यायचं नसलं की खाटेखाली लपायची आणि पाय बाहेर ठेवायची. कानामागे तीळ. डाव्या— नाही, उजव्या. दुपारी उजव्या म्हणाले होते ना गं? वाचून दाखव.

वाचून दाखव ना.

यंत्राच्या कळा खाली वर होतायत. बोटं दिसत नाहीत. खुर्चीची गादी मात्र दबलेली आहे. कुणी बसल्यासारखी. हात लावला, तर गरम लागली— म्हणजे आहे. आहेस ना?

गोडबोल्या येऊन दुसरी खुर्ची कशाला हवी म्हणाला. मी शाल टाकून तिच्यावर हात ठेवून बसले. उचलून दाखव म्हटलं. गेला.

काचेत बघितलं. काचेत मी एकटीच—

रविवार, १० तारीख

आली दोघंही. गोडबोल्या आत, मोजपट्टी दारात.

म्हणतात, आम्ही काही दुष्ट नाही. एकदा विचारू, शेवटचं. जे सांगाल ते धरू. तिन्हीकडे तेच लिहू.

सोपं आहे. एवढं तर सोपं आहे. रात्रभर तोंडात धरून ठेवलंय उत्तर—

गादी वर आलीय. गार लागते. कळा हलतायत अजून, पण सावकाश, एक एक—

मोजपट्टीने विचारलं, नात आहे का? असेल तर घरात तिला काय म्हणता?

म्हणतो ना. तिला आम्ही— गरगर फिरतं ते, दोऱ्यावर, पोरांच्या हातात असतं— जिभेवर आहे— थांबा, लिहू नका अजून—

ए बाळा, सांग ना गं. तुला मी काय—

सांगते. सांगते हं. लिहा.

मला नात—