दहा फाट्यांच्या नराबद्दल खरं काय ते

मी, एलवुड हारलन स्ट्रोहेकर, वय एकोणऐंशी, राहणार हेमलॉक फोर्क, पेनसिल्व्हेनिया, धंदा लेथवरचं काम (आता निवृत्त), असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, आणि हे लिहायला मला कोणी भरीला घातलेलं नाही. माझी मुलगी लोर्ना हिचं म्हणणं, डोक्याबद्दल जे काही लिहायचं ते आजच्या दिवसापुरतंच लिहावं. मान्य. यापूर्वीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांतलं एक शिकारीच्या परवान्याच्या पाठीवर होतं, ते कोणाला सापडलं तर जाळून टाकावं.

हा कागद खरं तर माझा मेव्हणा मर्ल बेंडर याच्यासाठी आहे. मर्ल गेली एकोणीस वर्षं आमच्या हरणांच्या शिकारीच्या कॅम्पवर आलेला नाही, आणि तो माझ्यामुळे आलेला नाही. मी मेल्यावर तरी त्यानं यावं, एवढीच माझी इच्छा आहे. पण वकीलबाई म्हणतात की आधी घर, मग भांडणं. म्हणून त्या क्रमानं लिहितो.

कलम १. राहतं घर, बँकेत असेल ते आणि ट्रक लोर्नाला. ट्रकचा ड्रायव्हरशेजारचा दरवाजा आतून उघडत नाही, त्यामुळे नवऱ्याला कुठे न्यायचं असेल तर चांगला उपयोग होईल.

कलम २. दोनशे त्रेचाळीस कॅलिबरची रायफलही लोर्नाला. ती चौदाव्या वर्षापासून ही रायफल आपलीच समजत आली आहे. मी कधी दिली होती हे मला आठवत नाही, पण आता दिली.

कलम ३. माझी थर्टी-ऑट-सिक्स जावई क्रेग याला. या रायफलीनं मी सदतीस हरणं आणली. क्रेगकडे आधीच एक नवी बंदूक आहे, तिच्यावरची दुर्बीण आमच्या कॅम्पच्या धुराड्याएवढी आहे, आणि तो जेवताना तिच्या गोळीचा वेग सांगतो. तीन सीझनमध्ये त्या वेगानं एक झाड मेलं. माझी रायफल त्याला एकाच अटीवर मिळेल. जेवणाच्या टेबलावर त्यानं फक्त जेवावं. शिवाय थंडीतून आलेली रायफल तशीच उबदार खोलीत आणू नये, तिला घाम फुटतो आणि मग गंज चढतो. ती रिकामी करून ओसरीत टांगावी. हे मी त्याला अकरा वेळा सांगितलं आहे, आता कायदेशीर सांगतो.

कलम ४. कॅम्पवरचं खिमा करायचं यंत्र, बिडाचा मोठा तवा आणि बिटात मुरवलेल्या अंड्यांची बरणी डेलबर्ट क्लाइनला. तो आमचा कॅम्पचा आचारी. त्याची अंडी खाऊन आम्ही चाळीस वर्षं जिवंत राहिलो, यात त्याचा काही दोष नाही.

कलम ५. शिकारीचा सीझन पूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी उघडायचा. शाळा बंद, कारखाना बंद, सगळा जिल्हा जंगलात. तो ज्यांनी शनिवारवर आणला त्यांना मी काहीही ठेवलेलं नाही.

कलम ६. आता मर्ल.

कॅम्प निम्मा माझा, निम्मा त्याचा. त्याच्या वडिलांनी तो आम्हा दोघांना दिला, तेव्हा माझं मर्लच्या बहिणीशी, आर्लीनशी, नुकतंच लग्न झालं होतं. मर्लची रायफल दोनशे सत्तरची. माझी आवडती म्हणजे लिव्हर ओढून गोळी भरायची जुनी तीस-तीस. कोणती चांगली यावर आम्ही सव्वीस वर्षं वाद घातला. त्यात आम्ही दोघंही फार सुखी होतो.

आमच्या कॅम्पचा नियम असा, की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि ते भिंतीला ठोकायचं. ठोकलेलं टोक भिंतीवरून उतरत नाही. तशी पाटीही तिथे आहे, मीच रंगवलेली.

१ डिसेंबर २००३, सोमवार, सकाळी सव्वासात. कड्याच्या दोन बाजूंनी आम्ही दोघांनी, मी तीस-तीसनं, एकाच क्षणी बार टाकला. खाली नर पडला, शिंगांना दहा फाटे. भोक एकच. मी म्हणालो, "माझी गोळी." मर्ल म्हणाला, "बघ बुवा, मला तर माझी लागल्यासारखी वाटली." मी मोठ्यानं बोललो, तो हळू बोलला, म्हणून नर माझा ठरला. संध्याकाळी मीच कात्री घेतली आणि मर्लच्या शर्टाचं टोक कापलं. लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट, त्याच्या बायकोनं, वेरानं, त्याच सीझनसाठी शिवलेला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच ते हरीण कापत होतो. पलीकडच्या खांद्याच्या कातड्याखाली गोळी सापडली. पुढून चेपली होती, तळ शाबूत होता. मी एकतीस वर्षं लेथवर काढली आहेत, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या गोळीचा तळ इंचाचे तीनशे आठ सहस्रांश असतो. ही दोनशे सत्याहत्तर भरली, म्हणजे मर्लच्या रायफलीची. मी तीनदा मोजली. मग ती तंबाखूच्या डबीत टाकली आणि हात धुऊन जेवायला गेलो.

पुढच्या वसंतात वेरा वारली. मर्लनं आर्लीनकडून निरोप पाठवला की शर्टाचं ते टोक तेवढं मिळालं तर बरं. मी सांगितलं, "भिंतीवरचं उतरत नाही." पाटीकडे बोट दाखवलं. आर्लीन माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही, आणि तिला तर डबीचं माहीतही नव्हतं. मर्ल पुन्हा कॅम्पवर आला नाही. आर्लीनच्या मयताला तो आला, मागच्या बाकावर बसला आणि जेवणाआधीच निघून गेला. मला लाज वाटते. हे मी कोणाला बोललो नाही, इथे लिहितो.

म्हणून: (अ) शर्टाचं ते टोक, डबीतली गोळी आणि दहा फाट्यांची शिंगं मर्लची आहेत, ती त्याला द्यावीत. (आ) तीस-तीस रायफल मर्लला. हिचा नेम चुकतो हे सिद्ध झालं आहे, त्याला ते ऐकून आनंद होईल. (इ) मला ज्या शर्टात पुरतील त्याचं मागचं टोक मर्लनं स्वतः कापावं आणि कॅम्पवर ठोकावं. मी पाठीवर निजलेला असेन, कोणाला दिसणार नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी.

वरचा मजकूर लोर्नानं टाइप केला. कलम सहापाशी ती थांबली. "बाबा, हे मर्लमामाला आत्ता का सांगत नाही?"

मी म्हणालो, "मेल्यावर सांगितलं की उलट उत्तर ऐकावं लागत नाही."

 मागच्या खोलीत जाऊन तिनं फोन केला. मला विचारलं नाही, ती आईवर गेली आहे. तासाभरात मर्लचा ट्रक दारात. तो टोपी न काढता आत आला, माझ्या समोर बसला आणि सगळं वाचलं. कलम तीनला हसला. कलम सहा त्यानं दोनदा वाचलं. मी डबी पुढे केली. त्यानं गोळी तळहातावर घेतली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"सव्वासातपासून. तुझा बार बर्चच्या झाडात घुसला, मी साल उडताना पाहिली."

"मग बोलला का नाहीस?"

"नराचं काय घेऊन बसलास. तू कबूल कधी करतोस ते बघत होतो. आणि नंतर वेराचं ते फडकं मागितलं, तर तू मला पाटी दाखवलीस."

मी म्हणालो, "चुकलं माझं, मर्ल." हे तीन शब्द बोलायला मला एकोणीस वर्षं लागली आणि बोलल्यावर दमही लागला.

त्यानं गोळी परत डबीत टाकली. मग म्हणाला, "लोर्ना, कात्री आण. ऊठ रे, पाठ कर इकडे." माझा शर्ट नवा होता, लोर्नानंच दिलेला. त्यानं टोक जरा वरूनच कापलं. मला पाठीवर वारा लागतोय.

आता सह्या. डेलबर्ट आला होता, कलम चारमधलं सामान मी त्याला आजच देऊन टाकलं म्हणून तो चालतो, पण दुसरा साक्षीदार मिळेना. क्रेगला मिळायचं आहे, म्हणून तो चालत नाही. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये.

मर्ल म्हणाला, "मग माझं नाव कापा. फडकं मी कॅम्पवरून स्वतः उतरवीन. ही भिकार तीस-तीस मला नको, ती ज्याची त्यानं घेऊन यावी."

"डॉक्टरांनी चढ मना केलाय," मी म्हणालो.

"चढायला कोण सांगतंय? चुलीपाशी बस आणि डेलबर्टला शिव्या दे."

तेव्हा कलम ४ आणि कलम ६ मधील (अ), (आ), (इ) रद्द. बाकी कायम.

हेमलॉक फोर्क, १७ नोव्हेंबर २०२२.

सही: एलवुड हारलन स्ट्रोहेकर

साक्षीदार १: डेलबर्ट क्लाइन. (अंड्यांबद्दलचा मजकूर मान्य नाही.)

साक्षीदार २: मर्ल बेंडर. (सही माझ्यासमोर झाली. तो शुद्धीवर आहे, माझ्या माहितीत पहिल्यांदाच. सव्वीस तारखेला सीझन उघडतोय, पहाटे चारला न्यायला येतो, तयार राहा.)