आजोबांच्या डोंगराकडे तोंड करून होरांग टीव्ही

२ मार्च, सकाळ
...आणि विकायच्या कशा मग? अख्ख्या होरांग बेटांवर एक घर डिश घ्यायला तयार नाही! नवऱ्याची, दोग्यूची, होडी विकून मी उपग्रह टीव्हीची कंपनी काढली, देशातली पहिली, आणि गोदामात डिशी पडल्यात उताण्या, कासवांसारख्या. दोष इंजिनिअर तेवानचा. बाहेरदेशी शिकून आलाय. म्हणतो, बाईसाहेब, उपग्रह दक्षिणेला आहे, डिशचं तोंड दक्षिणेलाच हवं. अरे, दक्षिणेला आजोबांचा डोंगर! सगळ्यांचे मेलेले तिथे राहतात. त्यांच्यापुढे रिकामं वाडगं धरायचं? म्हणजे पोरं भिकेला लागली असं त्यांना कळवायचं? उपग्रह टांगणाऱ्याला घरात कुणी मोठं माणूस नव्हतं का विचारायला?

४ मार्च
सुचलं. डोकं लागतं, शाळा नाही लागत. ऑफिसच्या गच्चीवरच्या डिशमध्ये चिकट भात थापला, वर सुकी मासळी, दोन माकल्या, खोचल्या. वाडगं भरलेलं असलं की ती भीक नाही, नैवेद्य. नणंद सुन्हे रस्त्यातून ओरडली, अगं वहिनी, आजोबांना केवढं हे ताट वाढलंस! आमच्याकडे एवढं मोठं भांडंच नाही गं.
नाही ना? मग घे विकत.

९ मार्च
डिशबरोबर भाताचा गोळा फुकट. रांग बंदरापर्यंत गेलीय. तेवान डोक्याला हात लावून बसलाय. आनंद असा दाखवतात का?

२३ मार्च
गोदाम रिकामं, पैसे हप्त्याने येतील. वरच्या गावातल्या एका म्हातारीने दोन डिशी नेल्या, एक सासरच्या मेलेल्यांसाठी, एक माहेरच्या. प्रेक्षक असे हवेत. दोग्यू विचारतो, तिच्या घरी टीव्ही आहे का? होडी गेल्यापासून दुसऱ्यांची जाळी शिवत बसतो आणि खुसपटं काढतो. त्याला सांगितलं, पावसाळ्याआधी दोन होड्या घेऊन देते.
ठरवलं: बातम्या मी स्वतः सांगणार. वाचायच्या नाहीत. वाचण्यात माझा फार वेळ जातो.

११ एप्रिल
तेवान घरोघर फिरून आला. म्हणे, चित्र कुठेच येत नाही, सिग्नल भातात अडकतो, भात काढायला सांगा. मी म्हटलं, एवढ्या आभाळातून खाली आला, ढग ओलांडून आला, आणि मूठभर भाताला घाबरला? असला भित्रा सिग्नल मला नको, दुसरा आण. म्हणे, दुसरा मिळत नाही. शोधायला नको.
प्रेक्षकांची एकही तक्रार नाही. म्हणजे समाधानी आहेत.

२६ एप्रिल, दुपार
मंत्री ओगाम येऊन गेले. आजोबांच्या सणाला राष्ट्राध्यक्षांचं भाषण घरोघर दिसलं पाहिजे, नाहीतर लायसन्स रद्द. म्हटलं, साहेब, डिश नसलेलं एक छप्पर दाखवा. शोधत राहिले खिडकीतून. चहा घेऊन गेले.
निश्चय: तेवानशी आजपासून प्रेमाने बोलायचं.

२७ एप्रिल
तेवानला गाढव म्हटलं. सुरुवात त्याने केली. सणाच्या दिवशी, भाषणापुरती, वाडगी रिकामी करायला लावा म्हणतो! वर्षातून एकदा आजोबा पानावर बसणार आणि मी पुढचं पान ओढू? त्याच्या आजोबांना कोण वाढतं देव जाणे.

१४ मे, सणाची संध्याकाळ
घरोघर वाडग्यांत भाताचे डोंगर. माकल्या, मोरी माशाचे तुकडे, मोहरीची पानं. समुद्रपक्ष्यांचीही चंगळ. राष्ट्राध्यक्षांच्या घरी सगळ्यात मोठी डिश, त्यात त्यांच्या आईने अख्खं डुकराचं डोकं बसवलेलं. टीव्ही लावला. नुसती राखाडी खरखर. मंत्री माझ्याकडे बघतात. म्हटलं, हवामानाच्या बातम्या चालू आहेत, बर्फ दाखवतायत. खरखर थांबेना तेव्हा मीच टीव्हीपुढे उभी राहिले आणि तोंडी बातम्या सांगितल्या. अध्यक्षांची आई म्हणाली, बाई छान बोलते, पण जरा बाजूला हो, मागच्या खिडकीतला डोंगर दिसत नाही.
येताना सुन्हेला विचारलं, भाषण दिसलं? म्हणाली, कशात गं वहिनी? वाडग्यात?
थट्टेखोर आहे पहिल्यापासून.

१९ मे
लायसन्स गेलं. तेवान शेजारच्या देशातल्या कंपनीत लागला. जाताना पाया पडला, त्यामुळे शिव्या द्यायच्या राहून गेल्या. दोग्यूने पाटी उतरवली. मागची भिंत बाकीच्या भिंतीसारखीच निघाली. डाग पडण्याइतकीसुद्धा टिकली नाही पाटी. तो परत बंदरावर गेला, दुसऱ्याचं जाळं अर्धं राहिलं होतं म्हणून.

२१ मे, सकाळ
रडून झालं. मंत्री ओगामना निरोप धाडला: कंपनीत चूक काहीच नव्हती. डिशी खपल्या, लोक खूश, मेलेले खूश. तुमचा उपग्रह तेवढा चुकीच्या बाजूला टांगलाय. तो उत्तरेला सरकवा. उत्तरेला नुसता समुद्र आहे, तिकडे आपलं कुणी राहत नाही, वाडगी रिकामी ठेवली तरी चालतील. लायसन्स परत द्या, माझ्या नवऱ्याची होडी अडकलीय त्यात. सरकवताय की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा. शुक्रवारी ऑफिसची वीज तोडणार आहेत, मग चित्र आलं तरी मला बघता यायचं नाही.