तिघांची मिळून एक वायर

रविवार, ९ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. पट्टीने ओळी आखून झाल्या, आता लिहितो.

ती. आत्या,
पत्रातूनच पाया पडतो, म्हणजे तुला पाय मागे घेता येणार नाहीत. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? (मी विचारलं असं त्यांना सांग, पण आधी जेवू दे.) माझी प्रकृती उत्तम. वजन एक्कावन्न किलो, बुटांसकट.

आतोबांनी शब्द टाकून लावून दिलेली नोकरी अजून आहे. "अजून" हा शब्द विचार करून लिहिला आहे.

इथे वीजकेंद्राच्या आवारात मी करंट ट्रान्सफॉर्मर तपासतो. मोठ्या तारेतून जाणाऱ्या प्रचंड प्रवाहाची बातमी मीटरला बेताने कळवणारं हे यंत्र. (जावांचं कडाक्याचं भांडण ऐकून शेजारी हळू आवाजात सांगणारी बाई असते ना, तसं.) त्याच्या आतल्या तारांवरचं आवरण शाबूत आहे का, हे मेगर नावाच्या उपकरणाने बघायचं. काटा वर गेला तर यंत्र धडधाकट, शून्यावर पडला तर संपलं. मात्र आधी जमिनीला जोडलेली वायर सोडवायची. नाहीतर सगळा दाब जमिनीत जातो आणि चांगलं यंत्रही मेलेलं दिसतं.

गुरुवारी लाइन बंद होती. मिस्त्री दात काढायला गेलेले. मी एकटाच. (तसा चार महिने एकटाच आहे; मिस्त्री कामापुरते येतात आणि कामापुरतंच बोलतात. बाकी मोठा ट्रान्सफॉर्मर दिवसभर गुणगुणतो, पण त्याला माझं काही विचारायचं नसतं.) पहिलं यंत्र शून्य. दुसरं शून्य. तिसरंही शून्य! तिन्ही पुसली, पुन्हा मोजली, शून्यच. मी साहेबांना फोन करून तिन्ही निकामी असल्याचं कळवलं आणि सुवाच्य अक्षरात अहवाल लिहिला. त्यात एकही चूक नव्हती, म्हणजे शुद्धलेखनाची.

काल क्रेन, ट्रक, तीन नवी यंत्रं आणि पाच माणसं आली. माझ्याकडे कप एक, त्यामुळे चहा पाऊण तास चालला. क्रेनवरचा एक खलाशी (म्हणजे जड सामान चढवणारा-उतरवणारा मजूर) बूट घालूनच माझ्या खाटेवर झोपला. दुसऱ्याने माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवल्या, "मीठ", "साखर", "रिकामा", आणि सगळे पोट धरून हसले. ट्रकवाल्याने घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी तुझं सांगितलं, बरंच सांगितलं.

नवी यंत्रं उतरवून झाल्यावर मिस्त्री आले, सुजल्या गालाने. त्यांनी जुन्यांकडे पाहिलं, खाली वाकून एक वायर सोडवली (तिघांची मिळून एकच असते) आणि मेगर फिरवला. काटा थेट वर.

"शहाण्या," मिस्त्री म्हणाले, "मेला म्हणून ओरडण्याआधी त्याच्या छातीवरचा पाय तरी काढायचास!"

साहेबांनी बुधवारपर्यंत लेखी खुलासा मागितला आहे. तो पटला नाही तर माझी नोकरी जाईल आणि आतोबांचा शब्दही.

तुझा,
भाचा

ता. क. खुलाशात "अनवधानाने" असं लिहिलं आहे. आतोबांकडून तपासून घ्यावं असं वाटत होतं.

ता. क. दुसरा. आतोबांना दाखवू नकोस. फोन ठेवल्यावर पाचच मिनिटांत मला ती वायर दिसली होती. पण साहेब फोनवर म्हणाले होते, "थांब तिथे, माणसं पाठवतो." मी रिसीव्हर दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला. मग खोली झाडून घेतली.

ता. क. तिसरा. खरं लिहू की अनवधान लिहू, तूच सांग. पत्राने नको, पोचायला आठवडा जातो. क्रेन दुसऱ्या कामावर गेल्यामुळे नवी यंत्रं इथेच पडून आहेत. ट्रक आज रिकामा तुमच्या रस्त्याने जातो आहे (हे पत्र त्याच्याच हाती देतो) आणि मंगळवारी ती न्यायला परत येतो आहे. ट्रकवाल्याच्या शेजारची जागा मोकळी असते. मी विचारून ठेवलं आहे.