सगळ्यांसाठी एकच

३ मार्च
हॉस्पिटलमधल्या सिस्टरांचा फोन. सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांच्या नावाखाली, आम्ही बनवून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर, दुसऱ्याच कुणाची औषधं. इंजेक्शन भरून तयार होतं. "सवयीने विचारलं, कशाची ॲलर्जी आहे का? तर पेनिसिलिनची. सिरिंजमध्ये तेच होतं. विचारलं म्हणून वाचले," म्हणाल्या. आवाज अगदी शांत. दिवसभर तोच कानात.

४ मार्च
वॉर्डात जाऊन बसले. दुपार. पडद्यांतून पिवळट ऊन, सगळे अर्धवट झोपेत — मीही. स्क्रीनवर नावं बरोबर येत होती. एकेक, निमूट. वीस वेळा पाहिलं. सगळा भासच असेल असं वाटायला लागलं.

ऑफिसात मात्र निकाल लागलेला. प्रोग्रॅममधला शेवटचा बदल शेजारच्या टेबलावरच्या मित्राने केलेला, म्हणून खापर त्याच्या डोक्यावर. तो मान खाली घालून बसला होता.

५ मार्च
सापडलं! दोन सिस्टरांनी एकाच क्षणी आपापल्या पेशंटची माहिती उघडली तरच होतं. एकटीने बसून दिसणार कसं?

पेशंटची माहिती धरून ठेवणारा ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅममधला एक डबाच, दर वेळी नवा मिळायला हवा. पण असे डबे तयार करून देणाऱ्या फ्रेमवर्कला कोडच्या एका ओळीत सांगून ठेवलेलं — सिंगलटन. एकदाच तयार करायचा, जो मागेल त्याला तोच द्यायचा. एकीने त्यात आजोबा ठेवले, दुसरीने लगेच तिची पेशंट. पहिलीला परत मिळाली ती दुसरीचीच माहिती.

ती ओळ कुणी लिहिली ते बघितलं. मीच. तेव्हा वाटलं होतं, एकात भागतंय तर शंभर कशाला?

खिडकीबाहेर ढग सरकत होते. बराच वेळ तेच बघत राहिले. अजून दुसऱ्या कुणी ती ओळ उघडली नव्हती.

६ मार्च
सांगितलं. सगळ्यांसमोर. मॅनेजर मित्राकडे वळले, "अरे, मग दोन दिवस ऐकून का घेत होतास?"
"मला वाटलं, माझंच चुकलं असेल."
हे फार लागलं.

ओळ बदलली. आता दर वेळी नवा ऑब्जेक्ट. दोन सिस्टरांना एकदम बटण दाबायला लावलं, पन्नास वेळा. एकदाही चुकलं नाही. घरी पायीच आले, तरंगत. आई म्हणाली, "जेवतेस की नुसती बघतेस ताटाकडे?"

९ मार्च
सिस्टरांचा फोन. "आता बरोबर येतंय. फक्त एक सांगा — हे असं केव्हापासून होतं?"
तारीख काढली. आठ महिने.
"त्या आठ महिन्यांतल्या सगळ्या पेशंटच्या नोंदी पाठवा," त्या म्हणाल्या. पहिल्या दिवसापासून काढायला घेतल्या.